फक्त नरांची टाकी

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या माउंट गॅम्बियरच्या नळाला येणारं पाणी पिण्यालायक आहे, याबद्दल इथे कोणाला शंका नाही. फक्त ते थोडं दगडासारखं आहे. सगळं गावच चुनखडीवर बसलंय. घरं चुनखडीची, कुंपणं चुनखडीची, आणि पाणी त्याच चुनखडीतून झिरपून आलेलं. किटलीच्या तळाशी असा पांढरा थर बसतो, की चहा पिताना माणूस रोज थोडं थोडं गाव पितोय असं वाटावं.

या पाण्याशी लाइल पेनहॉल बारा वर्षं भांडला. त्याला पाळायचे होते ॲमेझॉनच्या खोऱ्यातले नाजूक मासे, आणि त्यांना लागतं मऊ पाणी. त्यासाठी तो पागोळ्यांचं पाणी पिंपांत साठवायचा, त्यात पाइनची साल भिजत घालायचा, कागदाच्या पट्ट्या बुडवून रंग बघायचा आणि वहीत लिहून ठेवायचा. मासे मरायचे. पण सभ्यपणे, एकेक करून मरायचे, त्यामुळे प्रत्येक वेळी लाइलला वाटायचं, हा शेवटचा. तेराव्या वर्षी विम हूकस्ट्रा नावाचा एक डच गवळी, जो आपल्या गाईंइतकंच बोलायचा, त्या पिंपांकडे बघत म्हणाला, "बारा वर्षं पाणी बदलतोयस. एकदा मासे बदलून बघ."

आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात जे सिक्लिड मासे असतात, त्यांना नेमकं असंच चुन्याचं जड पाणी मानवतं. लाइलने नळ सोडला, मासे सोडले, आणि मासे जगले. जगलेच नाहीत, तर महिन्याभरात त्यांना पोरंबाळं झाली. वर्षभरात हा शोध आपणच लावल्यासारखा लाइल सगळ्यांना सांगू लागला. विमने कधी हरकत घेतली नाही. तो फक्त सांगण्याच्या वेळी समोर उभा राहायचा.

लाइल अडतीस वर्षं सॉ मिलमध्ये करवतीचा डॉक्टर होता. करवतीची पाती ताणून, ठोकून सरळ करणाऱ्या आणि दातांना धार लावणाऱ्या माणसाला आमच्याकडे खरोखरच डॉक्टर म्हणतात. एकदा चर्चच्या जेवणात गावात नव्या आलेल्या एका बाईने त्याला आपला गुडघा दाखवला. लाइलने तो गंभीरपणे चाचपला आणि ताण कमी करायला सांगितलं. दुर्दैवाने बाईला बरं वाटलं. आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीबद्दल ठामपणे बोलायला हरकत नसते, ही लाइलची समजूत तिथून सुरू झाली, असं त्याची बायको रॉन्डा म्हणते. आता लाइलही तेच म्हणतो. पण या मतापर्यंत यायला त्याला एक अख्खी टाकी खर्ची घालावी लागली.

ती टाकी दर्शनी खोलीत कशी आली, ते आधी सांगायला हवं. तोपर्यंत लाइलचे मासे मागच्या शेडमध्ये असत, आणि दर्शनी खोलीत उत्तरेच्या खिडकीशी, चांगल्या उजेडात, रॉन्डाचं नऊ फुटी टेबल असे. रॉन्डा कॅलिस्थेनिक्सच्या, म्हणजे तालावर कवायत करणाऱ्या मुलींचे पोशाख शिवते. गावातल्या निम्म्या मुली तिने बेतलेल्या कपड्यांत आणि तिने लावलेल्या टिकल्यांत वाढल्या. लाइल निवृत्त झाला त्या वर्षी त्याने या भिंतीची मागणी केली.

"सात फुटांची टाकी," तो म्हणाला. "आठशे लिटर. त्या भिंतीला."

"त्या भिंतीला माझं टेबल आहे."

"टेबल मागच्या खोलीत छान बसेल."

"टेबल बसेल रे. मी बसेन का? मागच्या खोलीत जुलैच्या थंडीत माझी बोटं मलाच सापडत नाहीत."

"हीटर लावू."

"मग टाकीच ठेव की मागच्या खोलीत, हीटर लावून."

"एक टन वजन होतं, रॉन्डा. मागची जमीन लाकडी आहे. फक्त ही खोली काँक्रीटवर आहे."

रॉन्डाने कात्री खाली ठेवली. शेडमधल्या टाकीत काय झालं होतं ते ती विसरली नव्हती. तिथे एका पट्टेरी नराने एका आठवड्यात नऊ मासे मारले होते, आणि दहावा पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या नळीमागे, नाक वर करून लपला होता. रॉन्डा कपडे वाळत घालायला जायची तेव्हा तो तिच्याकडे बघायचा.

"एक वर्ष," ती म्हणाली. "या ईस्टरपासून पुढच्या ईस्टरपर्यंत. कोणी कोणाला मारायचं नाही. आणि कोणी भेदरून कोपऱ्यात बसायचं नाही. माझ्या बैठकीच्या खोलीत मी असलं काही बघणार नाही. एक जरी तसा दिसला, तर टाकी बाहेर आणि टेबल आत. वर्ष नीट गेलं, तर भिंत तुझी."

"म्हातारपणाने मेला तर?"

"म्हातारपण आणि चावा यातला फरक मला कळतो."

हे कागदावर लिहिलं गेलं आणि कागद फ्रिजवर लागला. सही दोघांची.

आता, कोणता मासा कोणाबरोबर नांदेल, हा विषय म्हणजे लाइलचा प्रांत. गावच्या सिक्लिड मंडळाचा तो अध्यक्ष. मंडळात अकरा जण, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी स्काउट हॉलमध्ये जमणारे. आलेखाच्या कागदावर लाइलने एक मोठा तक्ता केला होता. आडव्या ओळीत माशांची नावं, उभ्या ओळीत तीच नावं, आणि चौकटीत बरोबर, चूक किंवा प्रश्नचिन्ह. त्याची प्रत प्रत्येक सभासदाकडे होती. लाइलचे नियम चार. मासे साधारण सारख्या आकाराचे हवेत. खाणं सारखं हवं, कारण शेवाळ खाणाऱ्याला कोळंबीची चटक लागली की त्याचं पोट फुगतं आणि तो जातो. दोघांचे रंग सारखे नकोत, कारण सिक्लिडला स्वतःसारखा दिसणारा शेजारी सहन होत नाही. आणि चौथा, अखेरचा इलाज: टाकीत मादी नको. एकही नको. भांडण लागतं ते मादीवरून आणि तिला घर दाखवायच्या जागेवरून. नुसते नर, तेही अठरावीस, दाटीने ठेवले, की कोणाला कोणावर राग धरायला निवांत जागा उरत नाही, आणि सगळे आपले रंग मिरवत फिरत राहतात.

"म्हणजे बायका नसल्या की शांतता," रॉन्डा म्हणाली.

"माशांत."

"माशांत, हो. आणि नुसते पुरुष दाटीवाटीने कोंबले की प्रश्न मिटतो. तुमच्या मंडळाची बैठक मी पाहिली आहे, लाइल. तू हे तिथूनच उचललंयस."

लाइलने निवडीला तीन महिने लावले. निळा एक, पिवळा एक, शेंदरी कल्ल्यांचा एक, जांभळट डोक्याचा एक. ॲडलेडपर्यंत जाऊन पिशव्या आणल्या. तक्त्यात प्रश्नचिन्ह असलेला एकही घेतला नाही. विम प्रत्येक नावापुढची खूण बघत होता.

"माणसं निवडताना इतका विचार केला असतास तर..." तो म्हणाला आणि थांबला.

"तर काय?"

"तर मंडळात तू एकटाच असतास."

सतरा नर झाले. लाइलला अठरा हवे होते. अठराच का, याला त्याच्याकडे कारण होतं, ते आता त्याला आठवत नाही. मार्चच्या बैठकीत सभासदांनी आणलेल्या माशांचा लिलाव होता. त्यात एका पिशवीत एक राखाडी, बोटाएवढा, कशातच न बसणारा मासा आला. पिशवीवर लिहिलं होतं: जात पीकॉक, लिंग माहीत नाही. पीकॉक म्हणजे मोर. या जातीचे नर खरोखरच मोरासारखे दिसतात, आणि माद्या सगळ्या जातींच्या मिळून एकसारख्या, ओल्या पुठ्ठ्याच्या रंगाच्या. दबून राहिलेला कोवळा नरही तसाच दिसतो.

अशा वेळी मासा ओल्या तळहातावर उताणा धरायचा आणि पोटाखालची दोन छिद्रं बघायची. दोन्ही सारखी असली तर नर. मागचं मोठं असलं तर मादी. या तपासणीत लाइलचा हात धरणारा आमच्याकडे कोणी नाही, असं लाइलच सांगायचा. त्याने मासा धरला. दहा माणसं भोवती उभी राहिली. त्याच क्षणी लाइलच्या लक्षात आलं, की चष्मा बाहेर गाडीत राहिला आहे.

चाळीस पावलं. हे तो आता स्वतः सांगतो. "चाळीस पावलं जायची, चाळीस यायची. पण हातात मासा, भोवती लोक, आणि विम बघतोय. चष्म्याशिवाय मला दोन छिद्रं सोड, अख्खा मासाही एकच दिसत नव्हता."

"नर," लाइल त्या दिवशी म्हणाला.

"नक्की?" विमने विचारलं.

"विम, मी अडतीस वर्षं करवतीचे दात मोजले आहेत."

विमने मान डोलावली. करवतीचे दात किती असतात ते त्यालाही माहीत नव्हतं. चिटणीस पॅटी गोडार्ड, जी प्राथमिक शाळेत शिकवते आणि इतिवृत्त तशाच अक्षरात लिहिते, तिने लिहून घेतलं: एक नर, अध्यक्षांनी तपासलेला.

रॉन्डाने त्याचं नाव नॉर्मन ठेवलं. सॉ मिलमध्ये हजेरी मांडणारा एक नॉर्मन होता. एकतीस वर्षं नोकरी केली, आणि निरोपसमारंभाला त्याला कोणीच ओळखलं नाही.

वर्ष सुरू झालं, आणि लाइलचं सगळं बरोबर निघालं. सात फुटांत अठरा मासे नुसते झुळझुळत होते. कोणी कोणाच्या वाटेला जात नव्हतं. जरा कुठे कुरबुर दिसली की लाइल बाह्या सरसावून दगड हलवायचा. सगळ्यांची घरं एकदम मोडली की भांडणाऱ्यांना आपण कशासाठी भांडत होतो हेच आठवत नाही. रॉन्डा मागच्या खोलीत, बोटं कापलेले हातमोजे घालून, टिकल्या लावत होती. जुलैत ती चहा करायला आली की टाकीसमोर उभी राहायची, ते माशांसाठी की टाकीच्या उबेसाठी, हे लाइलने विचारलं नाही.

फक्त नॉर्मनला रंग येत नव्हता.

"दबलेला आहे," लाइल सांगायचा. "असे नर उशिरा खुलतात."

"किती उशिरा?" रॉन्डाने ऑगस्टमध्ये विचारलं.

"ख्रिसमसपर्यंत."

ख्रिसमस गेला. नॉर्मन जसा होता तसाच. पण फेब्रुवारीत बाकीच्यांना काय झालं कोणास ठाऊक. निळा असा निळा झाला की पडदे फिके दिसावेत. शेंदऱ्याचे कल्ले पेटल्यासारखे. दिव्याखाली सतरा मासे अंग थरथरवत, पंख पसरून, एकमेकांपुढे मिरवायला लागले. रॉन्डासुद्धा हातातला कपडा विसरून बघत राहिली. "हे असे रंग मी अजून कोणाला लावले नाहीत," ती म्हणाली.

लाइलला कारण ठाऊक होतं. जानेवारीपासून तो मटार, कोळंबी आणि लसूण वाटून, गोठवून, त्याच्या वड्या माशांना घालत होता. घराला त्याचा वास असे आणि रॉन्डाच्या मिक्सरलाही. फेब्रुवारीच्या बैठकीत त्याने या वड्यांवर पाऊण तास भाषण केलं. लसणामुळे रंग कसा खुलतो ते खडूने काढून दाखवलं. लोकांनी कृती लिहून घेतली. सहा जणांनी घरी करून बघितली. त्यांच्या माशांना रंग आला नाही, पण दोष आपल्या लसणाचा असेल असं त्यांना वाटलं.

मार्चच्या सुरुवातीला भांडणं लागली.

आधी कल्ले फुगवणं, मग तोंडात तोंड धरून ओढणं, मग रीतसर पाठलाग. लाइलने दगड हलवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हलवले. तिसऱ्या दिवशी जांभळट डोक्याचा नर वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागाशी नाक लावून उभा. शेपटीची झालर झालेली. ईस्टरला तीन आठवडे उरले होते.

रॉन्डा त्या वेळी बाजारात गेली होती. लाइल टाकीसमोर उभा राहिला. कागद फ्रिजवर होता आणि फ्रिज स्वयंपाकघरात, पण त्याला इथून तो वाचता येत होता. मग त्याने जाळी आणली, फाटक्या शेपटीचा मासा काढला, आणि लाँड्रीतल्या, म्हणजे कपडे धुवायच्या खोलीतल्या, निळ्या टबात हवेची नळी लावून सोडला. वर जुना टॉवेल टाकला. रॉन्डाला सांगितलं, टबात पंपाचा गंजलेला भाग भिजत घातलाय, ॲसिडमध्ये, हात लावू नकोस.

हे सांगताना तो अजूनही थांबतो. टाकीचा पंप प्लास्टिकचा आहे, आणि प्लास्टिक गंजत नाही. घाईत खोटं बोलायची त्याला सवय नाही, आणि रॉन्डाला हे चांगलं माहीत आहे. ती लाँड्रीत मात्र गेली नाही. आठवडाभर लाइल स्वतः कपडे धुऊ लागला, आणि तिला तेही विचित्र वाटलं असणार.

भांडणं सुरू झाली त्याच सुमारास नॉर्मनने खाणं सोडलं होतं. दगडाआड उभा राहायचा, तोंड घट्ट मिटलेलं, गळा सुजल्यासारखा. लाइलने निदान केलं: पोट फुगण्याचा रोग. पाण्यात मीठ घातलं. दोन दिवसांनी आणखी घातलं. नॉर्मनने तोंड उघडलं नाही.

ईस्टरच्या आधीच्या दुसऱ्या रविवारी मंडळाची घरभेट होती. दरवर्षी एका सभासदाच्या घरी सगळे जमतात, टाकी बघतात, यजमान बोलतो, मग खाणं. यंदा घर अध्यक्षांचं, विषय अध्यक्षांचा: नांदणारे मासे कसे निवडावेत. रॉन्डाने किचनर बन, म्हणजे जॅम आणि क्रीम भरलेले गोड पाव, आणले, फ्रिट्झ नावाच्या सॉसेजची आणि सॉसची सँडविचं केली. दहा माणसं आपापल्या खुर्च्या घेऊन आली.

"सोळाच दिसतात," पॅटी मोजून म्हणाली.

"दगडांमागे असतात," लाइल म्हणाला.

"रंग काय आलेत!"

"लसूण," लाइल म्हणाला.

विम काचेला नाक लावून उभा होता. मग त्याने दगडाआड बोट दाखवलं. "याला काय झालंय?"

"नॉर्मन. पोट फुगलंय त्याचं."

"पोट नाही. गळा फुगलाय."

"तिथून सुरू होतं."

"किती दिवस खात नाही?"

"अठरा."

"हं," विम म्हणाला. "आणि मेला नाही."

"कणखर आहे. मी मीठ घालतोय ना."

"दाखव की आम्हाला. पोट फुगलेला मासा सगळ्यांनी बघितलेला बरा. शिकायला मिळेल."

कित्येक दिवसांनी विम इतकं बोलला होता. लाइलला बरं वाटलं. शिकवायला त्याला नेहमीच बरं वाटतं. त्याने बाही वर केली, पहिल्याच झेपेत नॉर्मनला जाळीत घेतलं, आणि पाण्याबाहेर, सगळ्यांना दिसेल असं, डोकं खाली करून धरलं. "आता बघा," तो म्हणाला, "इथे जबड्याखाली दाबलं, की..."

नॉर्मनने तोंड उघडलं. आणि त्यातून पिल्लं बाहेर पडली. आधी एक, मग पाचसहा, मग उरलेली सगळी एकदम. तांदळाच्या दाण्याएवढी, डोळे असलेली, जाळीत वळवळणारी.

मलावीच्या या जातींत मादी अंडी तोंडात घेते आणि पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत, तीन आठवडे, तोंड मिटून उपाशी राहते. हे त्या खोलीत रॉन्डा सोडून सगळ्यांना माहीत होतं. लाइलने यावर दोन भाषणं दिली होती.

कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. मग विम हात पुढे करून म्हणाला, "अभिनंदन, लाइल. बाळंतीण सुखरूप?"

तेव्हा मात्र खोली फुटली. एक जण खुर्चीसकट मागे कलंडला. रॉन्डा सँडविचचं ताट धरून दारात उभी होती, तिला हसता हसता ताट खाली ठेवावं लागलं. "नॉर्मन!" ती म्हणाली. "अगं बाई, नॉर्मन!"

"तेवीस," पॅटीने मोजून वहीत लिहिलं. "बाप कोण लिहू?"

"सतरा आहेत," विम म्हणाला. "जागा सोडून ठेव."

लाइलने जाळी तशीच पाण्यात बुडवून काठाला अडकवली, म्हणजे आई आणि पिल्लं आत राहतील. मग बाही खाली केली आणि बटण लावलं. त्याच्यासमोर दहा माणसं होती, आणि ती भाषणाला आली होती. पळून जायला दार होतं, पण ते त्याच्याच घराचं.

"बसा," तो म्हणाला. "विषय आहे, नांदणारे मासे कसे निवडावेत. नियम पहिला. चष्मा जवळ ठेवा."

पाऊण तास तो बोलला. फेब्रुवारीतले रंग कशाने आले होते, ते सांगितलं. लसणाच्या वड्या ज्यांच्याकडे उरल्या असतील त्यांनी त्या बागेत घालाव्यात, असं सांगितलं. ही पिल्लं मिश्र रक्ताची निघणार. आणि ज्यांचा बाप माहीत नाही अशी पिल्लं कोणी कोणाला द्यायची नाहीत, विकायची नाहीत, हा मंडळाचा नियम होता. तो पॅटीने मोठ्याने वाचून दाखवला, कारण तो कोणी लिहिला होता हेही त्याखाली होतं. एवढ्या वर्षांत लाइलचं भाषण इतकं लक्ष देऊन कोणी ऐकलं नव्हतं.

पाहुणे गेले. रॉन्डा ताटं गोळा करत होती आणि अधूनमधून थांबून हसत होती.

"दोन आठवडे राहिले," ती म्हणाली. "खरं सांगू का, मला वाटलं नव्हतं तुला जमेल. एक बाई वर्षभर त्यांच्यात राहिली, आणि तरी कोणी मेलं नाही, कोणी कोपऱ्यात बसलं नाही. चौथा नियम गेला खड्ड्यात, पण पैज तू जिंकलास. भिंत तुझी."

लाइल चहाचे कप विसळत होता. भिंत मिळवायला फक्त गप्प राहायचं होतं. टबातली शेपटी भरत आली होती. आणखी दहा दिवसांत जांभळ्याला परत टाकीत सोडता आलं असतं. रॉन्डाने मागच्या खोलीत काढलेला जुलै त्याला आठवला. ती बोटं कापलेले हातमोजे घालून चहा करायला यायची, आणि त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याने नळ बंद केला.

"लाँड्रीत ये जरा," तो म्हणाला.

तिने टॉवेल उचलला. मासा टबाच्या तळाशी होता. उजेड आल्याबरोबर तो दचकून कडेला गेला, आणि तिथे नाक वर करून थांबला.

"हा पंप?" रॉन्डाने विचारलं.

"हो."

"किती दिवस?"

"नऊ."

आता ती हसत नव्हती. "मला वाटलं, तू ईस्टरसाठी काहीतरी आणून लपवलंयस," ती म्हणाली. "म्हणून मी आत आले नाही. नऊ दिवस मी मनात ठरवत होते, आणलेलं आवडलं नाही तर तोंड कसं ठेवायचं."

लाइलने टबातली हवेची नळी उगाच सरळ केली.

"न सांगता भिंत मिळाली असती तुला."

"हो."

"मग का सांगितलंस?"

"आज एवढं झालंच होतं," लाइल म्हणाला. "म्हटलं, उरलेलंही आजच होऊन जाऊ दे."

रॉन्डाने टॉवेलची घडी केली. "शनिवारी टेबल आत आणायचं," ती म्हणाली. "तुमच्या मंडळातल्या सगळ्यांना बोलाव. टन वजन उचलताना तरी त्यांचा उपयोग होऊ दे."

शनिवारी सगळे आले. सोळा नर सोळा बादल्यांतून सभासदांच्या घरी गेले, आणि सतरावा, फाटक्या शेपटीचा, विमने नेला. त्याच्याकडे एक टाकी होती आणि तिच्यात कोणी नव्हतं. आठशे लिटर पाणी पाइपाने गुलाबांना सोडलं. रिकामी काच सहा जणांनी शेडमध्ये नेली. विमने दिशा दिली, म्हणजे दोनदा "डावीकडे" म्हणाला. दुपारपर्यंत नऊ फुटी टेबल उत्तरेच्या खिडकीशी आलं आणि रॉन्डाने त्यावर जांभळा सॅटिन पसरला.

नॉर्मनला आणि तिच्या तेवीस पोरांना नियमाप्रमाणे कुठेच जाता येत नव्हतं. ती लाइलकडे, शेडमधल्या चार फुटी टाकीत आहेत. पोरं आता मोठी झाली आहेत. रंग आले आहेत, पण कोणते ते सांगता येत नाही. काही निळसर, काही शेंदरी, एक तर दोन्हीकडून वेगळा दिसतो. तक्त्यात त्यांना चौकट नाही. लाइल रोज तासभर त्यांच्यासमोर बसतो. ती कोणाबरोबर नांदतील, असं कोणी विचारलं तर बघू या, असं म्हणतो.

मे महिन्यात मंडळाची वार्षिक सभा झाली. लाइलने राजीनामा लिहून नेला होता. पॅटीने तो इतिवृत्तात घेतला आणि विचारलं, अध्यक्ष व्हायला दुसरं कोण तयार आहे? सगळ्यांनी स्काउट हॉलच्या छताकडे पाहिलं. मग मतदान झालं. लाइल दहा विरुद्ध एक अशा मतांनी निवडून आला. ते एक मत त्याचंच होतं, आणि ते मोजताना त्याने चष्मा लावला होता.